कच्चा आवाज

तिथेच मी तुला बंद केलं. "बगिच्यात शिरलं की" एवढं म्हणून तू श्वास घेतलास आणि मी रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं. वाक्य अर्धं राहिलं आहे. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, चहा गाळला आणि लिहायला बसले.

हुडकेश्वर, नागपूर
८ जानेवारी

प्रिय दामिनी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. रोहितचा खोकला थांबला असेल. आई खाप्याला आहेत, थंडीने गुडघे धरलेत पण संत्र्याच्या बगिच्यात फेरी मारल्याशिवाय राहत नाहीत. अमोलने आपल्या आईला काठी नेऊन दिली, ती त्यांनी वालाच्या वेलाला टेकू म्हणून लावली.

तू म्हणशील, फोन असताना ताईंना, थोरल्या जावेला, पत्र का सुचलं. व्हॉइस मेसेज मी दोनदा केला आणि दोनदा पुसला. तुझे कान मला माहीत आहेत. मी "अभिनंदन" म्हटलं असतं आणि तू त्यातलं शेवटचं अक्षर ऐकून ओळखलं असतंस. कागदाला आवाज नसतो.

अभिनंदन. सत्काराचं कळलं.

काम चालू आहे. "आंबिया"चे, त्या बगिच्यातल्या आजीच्या ऑडिओ मालिकेचे, शेवटचे थोडे भाग राहिलेत. तू पुण्यात वाचून पाठवतेस, मी इथे मागच्या खोलीत कापते आणि जोडते. अडखळणं काढते, पान सरकल्याचा आवाज काढते, गिळलेली थुंकी काढते. श्वास काढत नाही. श्वास काढला की बोलणारं माणूस मेल्यासारखं वाटतं, हे मीच तुला शिकवलं होतं. आता तुझे श्वास दिवसभर माझ्या कानात असतात, आणि एक गोष्ट मला काही केल्या सोडून देता येत नाही. तू माझ्या जागी श्वास घेतेस.

तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते. सगळे भाग आधी मी वाचले होते, स्क्रॅच म्हणून. कच्चा आवाज. खऱ्या वाचणाऱ्याने तो कानात ऐकायचा, त्यावरून चाल धरायची, आणि काम झालं की पुसून टाकायचा. तो कोणाच्या घरी पोचत नाही. तसा तुझ्याही कानात तो होता. पण तू चाल धरली नाहीस, तू सगळं घेतलंस. "काहून" म्हणताना मी "का"वर जरा रेंगाळते. माझ्या माहेरची, माझ्या आईची सवय ती. तुझी आई नाशिकची. तूही रेंगाळतेस.

लग्न होऊन आलीस तेव्हा आईंनी "काहून वं, जेवली नाहीस?" म्हटलं तर तू माझ्याकडे पाहिलंस, मी सांगावं म्हणून. आता लोक लिहितात, खरी वऱ्हाडी आजी. लिहितात, असा आवाज बगिच्यात जन्मल्याशिवाय येत नाही. तुला ते वाचायला वेळ मिळत नसेल. मी सगळे वाचते.

अमोलने विचारलं, हे जोडायचं काम तू घेतलंसच का? मी म्हटलं, एकाच माणसाला दोनदा नाही म्हणता येत नाही. त्याला माहीत आहे.

आता सत्काराचं. आपल्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या यमुताई काल आल्या होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि "माध्यमातील कर्तबगार स्त्री" असा एकच कार्यक्रम करणार आहेत. हॉलचं भाडं एकदाच पडतं.

"गोपिका, दामिनीचा परिचय तूच करून दे वं. घरची आहेस."

"घरचे करून देत नसतात परिचय."

"मंग कोण देईन? मले तं तिचं पदच म्हणता येत नाही. क्रिएटिव काय वं ते?"

"क्रिएटिव्ह हेड."

"हेड म्हंजे हेडमास्तर का?"

"जवळपास."

"अन् तू काय आहेस तिच्या त्या कंपनीत?"

मी म्हटलं, चहा ठेवते.

तर तुझी माहिती पाठव. छापील आहे ती नको, ती यमुताईंकडे आहे. मला जे माहीत आहे ते मी सांगू का, तेवढं कळव. तू पहिल्यांदा माझ्याबरोबर स्टुडिओत आलीस ती माझी पानं धरायला. स्टुलावर बसायचीस आणि वाचून झालेलं पान आवाज न करता खाली सोडायचीस. मग पुण्याची नोकरी. तिथे दोन वर्षं कलाकारांसाठी गाड्या मागवल्यास. मग आवाज निवडायला लागलीस. निवड तुझी असायची आणि मीटिंगमध्ये साहेब ती स्वतःची म्हणून सांगायचे. तू भांडली नाहीस. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला भाग आणि तारीख बोलायची रीत आहे. तू त्याच्यापुढे दोन शब्द जोडायला लागलीस. "निवड, दामिनी." शांतपणे, तारखेच्याच सुरात. जो कोणी ती फाईल उघडेल त्याला आधी तेच ऐकू येणार. वर्षभरात निवड कोणाची हे कंपनीत कोणाला विचारावं लागलं नाही.

हे तू मला हसत सांगितलं होतंस. मीही हसले. नंतर स्वयंपाक करताना माझ्या लक्षात आलं की मला हे कधीच सुचलं नाही. कळमन्याच्या बाजारात गाड्या रांगेत लावायला माझाच आवाज सांगतो. साड्यांची दुकानं, दवाखान्याची लिफ्ट, निवडणुकीच्या रिक्षा. कशाच्याही आधी माझं नाव नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं.

स्टेजवर हे सगळं येणार नाही, काळजी करू नकोस. तुझ्यापुरतं येईल.

स्वेटर आण. इकडची थंडी पुण्यापेक्षा कडक आहे.

तुझी,
गोपिकाताई


हुडकेश्वर
१९ जानेवारी

दामिनी,

सकाळी तू आईंना घेऊन खाप्याला गेलीस. गाडीत सामान भरताना आपण डब्यांबद्दलच बोललो. अमोल उद्या तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर हे देते.

परिचय बरा झाला, असं सगळ्या म्हणाल्या. निवडीची गोष्ट सांगितली तेव्हा बायका पुढे सरकून ऐकत होत्या. माझा आवाज माईकवर लागला होता. तो लागला की आपल्यालाच कळतं, पाय जमिनीवर नीट पडल्यासारखं होतं. मला वाटलं, आता कोणी तरी ओळखेल. पहिल्या रांगेतली हिरव्या शालूतली बाई शेजारणीकडे झुकली. मी कान दिला. ती म्हणाली, "हिचा आवाज अगदी दामिनीबाईसारखा आहे वं."

मी पुढचं वाक्य वाचलं.

मग तू उठलीस. शाल, नारळ, ते काचेचं स्मृतिचिन्ह. ते घ्यायच्या आधी तू वळलीस आणि भर स्टेजवर माझ्या पाया पडलीस. धाकट्या जावेनं पडायचंच असतं, घरी तू नेहमी पडतेस आणि मी तुला मधेच धरते. काल धरायला उशीर झाला, माझ्या हातात कागद होते. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मोबाईल वर झाले. ते फोटो मी रात्रीपासून ग्रुपवर पाहते आहे. त्यात तुझी वाकलेली पाठ आहे आणि माझे पाय. माझा चेहरा एकाही फोटोत आलेला नाही. टाळ्या तुझ्या वाकण्याला होत्या.

तू मनापासून पडलीस हे मला कळतं. म्हणूनच जास्त लागलं. नाटक असतं तर घरी येऊन तुला बोलले असते.

आणि मग तुझं भाषण. तू म्हणालीस, "आंबियातला आवाज माझा नाही. तो ताईंचा आहे. मी त्यांच्या मागे मागे वाचलं." तू अगदी साधं सांगितलंस, वळण न देता, जसं आहे तसं. मी खुर्चीत ताठ बसले. मला वाटलं, झालं, सांगून टाकलं हिने. आता काय होतं ते पाहू.

यमुताई डोळे पुसत म्हणाल्या, "पाह्य वं, मन किती मोठं आहे पोरीचं!"

कोणालाही ते खरं वाटलं नाही. बायकांनी ते तुझ्या मोठेपणात जमा केलं. दामिनी, तू खरं बोललीस आणि तेही तुझ्याच पदरात पडलं. आता मी कोणाला सांगायला गेले तर मी चहाडखोर ठरेन, कारण तू आधीच सांगितलं आहेस, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं आहेस.

येताना सगळ्यांना वाण मिळालं. चहाची गाळणी. घरात होती एक, आता दोन झाल्या.

आज पहाटे तू आणि रोहित झोपला होतात तेव्हा आई ओट्याशी आल्या. मी भाजी चिरत होते.

"तोंड काहून पाडून राहिली वं गोपिका?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

"डोकं दुखलं तं माणूस कपाळ धरते. तू तं सुरी धरून बसली." त्यांनी पाट ओढला. "मी रोज आयकतो ते आंबिया. दामिनीचा आवाज आला का मले तूच दिसते. हे काय होय?"

"ती शिकली माझ्याकडून."

"मंग तूच काहून नाही वाचलं?"

"तिलाच विचारा."

"तिले विचारलं. ते म्हणते ताईले विचारा. तुमी दोघी मले काय टपालपेटी समजता का?"

मला हसू आलं. आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुले तिनं आधी विचारलं असन. ते विचारल्याशिवाय राहत नाही. तू नाही म्हटलं असन. तुले नाही म्हणाची सवय हाये, लग्नातही दोन साड्या नाही म्हटल्या होत्या."

त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली आणि राहिलेलं वांगं चिरलं. मोठ्या फोडी केल्या.

तुला सांगायची गरज नाही, फोनच्या पलीकडे तूच होतीस. पण मला एकदा ते लिहून पाहायचं आहे.

जूनमध्ये तुझा फोन आला. ताई, आंबियातल्या आजीसाठी तुम्ही टेस्ट द्याल का? मी विचारलं, टेस्ट कोण घेणार? तू म्हणालीस, मीच. मी म्हटलं, थोरलीनं धाकटीपुढे टेस्ट द्यायची? तू हसलीस. मी थट्टेत बोलले असं तुला वाटलं. मी थट्टा करत नव्हते. तुला घरात घेताना उंबऱ्यावरचं माप मी ठेवलं होतं. तुला माईकपासून किती लांब बसायचं ते मी दाखवलं होतं. काचेच्या आत मी बसायचं, बाहेर तू बसायचं, आणि तू बटण दाबून मला म्हणायचं, परत. ते मला कल्पनेतही ऐकवेना.

मग तू म्हणालीस, बरं, स्क्रॅच तरी करून द्या, बोली नीट कळायला. स्क्रॅचला कोणी पास-नापास करत नाही. मी मागच्या खोलीत बसले, भिंतींना गाद्या लावल्या आणि वाचत सुटले. कुकरची शिट्टी झाली तरी थांबले नाही. चूक झाली तर हसून पुढे गेले. म्हातारी कोण, बगिचा कोणाचा, मी कोण, काही उरलं नव्हतं. तसं मी आयुष्यात वाचलं नव्हतं. पुसलंच जाणार होतं ना.

त्यातला पहिला भाग तू टेस्ट म्हणून कंपनीला पाठवलास. आणि आठवड्याने फोनवर ओरडलीस, "ताई, तुम्ही पास!"

मला न विचारता माझी परीक्षा घेतलीस, असं मी म्हटलं. वाचायला मी नाही म्हटलं. तू रोज फोन करायचीस, मी रोज नाही म्हणायचे. अमोल म्हणाला, तू कोणावर रुसली आहेस ते तरी ठरव. मी नाहीच म्हटलं. मग तारीख येऊन ठेपली, दुसरं कोणी मिळेना, आणि तू माझा आवाज कानात घालून स्वतः वाचायला बसलीस.

लोकांना सांगायला माझ्याकडे दुसरं कारण आहे. तू आणि रोहित पुण्याला गेलात तेव्हा मामंजी अंथरुणाला खिळले होते. थोरली म्हणून मी राहिले, धाकटी म्हणून तुला जाता आलं. ते खरं आहे, आणि ते सांगितलं की बायका माझा हात हातात घेतात. पण जूनमध्ये आपल्या घरात कोणीही आजारी नव्हतं.

म्हणजे तुझा हेवा करायला मला जागाच नाही. तरी वाटतो. काल तू बोलत होतीस तेव्हा तुझ्या खांद्यावरची शाल एका बाजूने घसरत होती आणि मी मनात म्हणत होते, पडू दे.

आईंच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत. सकाळची अर्धीच द्यायची.

गोपिका


हुडकेश्वर
२४ जानेवारी, शुक्रवार

दामिनी,

पत्र मिळाल्याचं अमोलने सांगितलं. म्हणाला, तू ते उभ्याने वाचलंस, मग झाडाखाली बसून पुन्हा वाचलंस. उत्तर लिहिलं नाहीस ते बरं केलंस.

काल तू नागपूरला येऊन शेवटचा भाग रेकॉर्ड केलास आणि मला न भेटता परत गेलीस. फाईल आज सकाळी उघडली. भाग चांगला आहे. म्हातारी मुलाला बगिचा विकू देत नाही, तो प्रसंग तू मला जमला असता त्यापेक्षा बरा केला आहेस. माझ्या स्क्रॅचमध्ये ती तिथे चिडली होती. तुझी म्हातारी चिडत नाही, ती त्याला जेवायला वाढत राहते. ते तुझं आहे. मी ते तीनदा ऐकलं, माझं काही सापडतं का पाहायला. सापडलं नाही.

मग शेवटच्या परिच्छेदाशी आले. तुझा आवाज आला, "भाग चाळीस, शेवटचा परिच्छेद. वाचन, गोपिका. निवड, दामिनी." आणि पुढे काहीच नाही. नुसती खोली. मला वाटलं फाईल बिघडली. मग तुझी चिठ्ठी पाहिली. "ताई, शेवट तुमच्या स्क्रॅचमधला लावा. कुकरसकट."



तू चांगली आहेस, दामिनी. हे मी कुरकुरत लिहिते आहे पण लिहिते आहे. तुला कोणी सांगितलं नव्हतं, कंपनीने तर नाहीच. एवढ्या लोकांनी ऐकलेली गोष्ट, तिचा शेवट तू दुसऱ्याच्या तोंडी दिलास. मी तुझ्या जागी असते तर दिला नसता. हेही लिहिते.

पण मला तो नको. तू मला शेवट दिलास तसा यमुताईंनी गाळणी दिली. दारात आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून. आणि लावला असता तर काय झालं असतं तेही ठाऊक आहे. आपले आवाज लोकांना वेगळे ऐकू येत नाहीत. मी माझ्या आवाजात बोलले असते आणि घरोघर बायका म्हणाल्या असत्या, शेवट काय वाचला दामिनीने.

दुपारी मी स्क्रॅच काढून शेवटचा परिच्छेद ऐकला. चांगला आहे. खूप चांगला आहे. शिट्टी बरोबर त्या जागी होते जिथे म्हातारी थांबते, जणू शेजारच्या घरात कोणाचा तरी स्वयंपाक चालला आहे आणि जग आपलं चालू आहे. ऐकताना मला मत्सर वाटला. त्या बाईचा, जी जूनमध्ये इथेच या खुर्चीवर बसून कोणाचीही पर्वा न करता वाचत होती.

मग मी तो पुसला. सगळ्या भागांचा. कंपनीकडे पहिलाच भाग गेला होता. तुझ्याकडे प्रत नाही. काम झालं की स्क्रॅच ठेवायचा नाही हे मी तुला शिकवलं होतं आणि तू माझं ऐकतेस. म्हणजे आता तो शेवट कुठेच नाही. हे मी रागात केलं का? पुसताना तसं वाटलं नाही. नंतर वाटलं.

तर आता शेवट कोणाकडेच नाही. भाग रविवारी सकाळी लागणार आहे आणि उद्या दुपारपर्यंत तो पुण्याला पोचला पाहिजे. रामदासपेठेतल्या स्टुडिओत मी उद्या सकाळची वेळ घेतली आहे. तू ये.

टेस्ट घे माझी.

मी काचेच्या आत बसेन, तू बाहेर. आवडलं नाही तर परत म्हण. खुणेने नको, बटण दाबून म्हण, मला ऐकू आलं पाहिजे. थोरली आहे म्हणून सोडायचं नाही. तुला पाया पडायचं असेल तर घरून पडून ये. आणि नसेल जमत तर नाही म्हण. दुसऱ्या कोणाला म्हणतेस तसंच म्हण, त्याच सुरात. तू कलाकारांना नाही म्हणतेस ते मी ऐकलेलं आहे. तू आवाज चढवत नाहीस आणि कारण सांगत बसत नाहीस.

हे मला तुझ्यावरच्या मायेने सुचलेलं नाही, म्हणून माझ्याबद्दल बरं वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडून दिलेलं घेणं मला सहन होत नाही. मिळवलेलं बहुतेक होईल. न मिळालेलंही होईल, असं आत्ता वाटतं आहे. उद्याचं माहीत नाही.

अमोल संध्याकाळी खाप्याला निघतो आहे. त्याच्या हातून हे पत्र घे आणि त्याच्यासमोर वाचू नकोस. तो तुझा चेहरा पाहून येतो आणि मला सांगतो.

उद्या जिला ताई म्हणायचं नाही ती,
गोपिका


२५ जानेवारी, शनिवार

हे पत्र तू सोबत आणलं होतंस आणि स्टुडिओच्या टेबलावर विसरलीस. मागची बाजू कोरी आहे. तू होतीसच, तरी लिहून ठेवते.

सकाळी तू आलीस. मी आत बसले. मी वाचलं, तू म्हणालीस, "परत." मी परत वाचलं. तू पुन्हा "परत" म्हणालीस. असं बराच वेळ चाललं. मग तू बटण दाबून म्हणालीस, "नाही, गोपिका." आवाज चढवला नाहीस आणि कारण सांगितलं नाहीस.

मी बाहेर आले. पाणी प्याले. तू आत जाऊन माझ्या खुर्चीवर बसलीस आणि वाचायला लागलीस. फार सुंदर, निरोप घेतल्यासारखं वाचत होतीस. दोन ओळी झाल्यावर मी बटण दाबलं.

"म्हातारीले माहीत नाही हे शेवटचं हाये," मी म्हटलं. "परत."

तू परत वाचलंस.